कपाटातली ओल आणि कोळशाची पुरचुंडी

कोळशाची पुरचुंडी ठेवली की कपाटातली ओल जाते, असं कुणी सांगितलं की मी एकच विचारते: ठेवताना आणि काढताना ती तोलून पाहिली होती का? बहुतेकांनी पाहिलेली नसते. तोलल्याशिवाय या विषयात काही कळत नाही, कारण ओल डोळ्यांना दिसते ती फार उशिरा. चामडी पट्ट्यावर पांढरट थर येतो, कागद वाकडा होतो, कापडावर काळे ठिपके पडतात, तोवर पाणी आत मुरून बराच काळ लोटलेला असतो.

माझ्याकडे वडिलांच्या शाईने लिहिलेल्या वह्या आहेत, पत्रं आणि फोटो आहेत, एक जुनी लोकरीची शाल आहे आणि लोखंडी हत्यारांची पेटी आहे. त्यांना जपायचं म्हणून मी कोळसा, जाडं मीठ, माती, राख, लोकर, रद्दी असं बरंच काही वापरत आले. साधनं दोनच: स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक छोटा आर्द्रतामापक. त्यातून जे पक्कं झालं ते इथे मांडते.

सुरुवात पाण्याच्या हिशोबाने करायला हवी. ३० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण ३० ग्रॅम वाफ मावते. मापकावर ८० टक्के दिसले, तर त्यातले २४ ग्रॅम भरलेले आहेत. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली धरली तर ती ३४ घनमीटरच्या आसपास भरते, म्हणजे तिच्या सगळ्या हवेत मिळून आठशे ग्रॅमवर पाणी. ते ६० टक्क्यांवर आणायचं तर दोनशे ग्रॅम बाहेर काढावं लागेल. साधा लाकडी कोळसा माझ्या काट्यावर दमट हवेत आपल्या वजनाच्या शेकडा पाच-सात भागांपेक्षा जास्त पाणी घेताना क्वचितच दिसला. म्हणजे दोनशे ग्रॅमसाठी तीन-चार किलो कोळसा लागणार, आणि तोही खोली अगदी बंद असेल तर. दार उघडलं की बाहेरची हवा आत, हिशोब पुन्हा पहिल्यापासून.

त्यात माणसं असतात. स्वस्थ बसलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी हवेत सोडतो. बंद खोलीत दोघं रात्रभर झोपले तर पहाटेपर्यंत सहा-सातशे ग्रॅमची भर पडते. आणि धुतलेले कपडे घरातच वाळत घातले तर हिशोब लिटरमध्ये जातो. कोपऱ्यात वाटीभर मीठ किंवा टोपलीभर कोळसा ठेवून या पाण्याशी झगडता येत नाही. खोलीसाठी खिडक्या आहेत, न्हाणीघरातला बाहेर हवा फेकणारा पंखा आहे, भांड्यांवरची झाकणं आहेत. उघड्या खोलीत शोषक ठेवणं मी पूर्ण सोडून दिलं आहे आणि विचारणाऱ्यालाही तेच सांगते.

खिडक्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण टक्क्यांचे आकडे इथे सरळसरळ फसवतात. समजा, पहाटे बाहेर २० अंश तापमान आहे आणि आर्द्रता ८० टक्के. आत ३० अंश आणि ६० टक्के. आकडे पाहून खिडकी लावून घ्यावीशी वाटते. पण २० अंशाच्या हवेत मुळात १७ ग्रॅमच वाफ मावते, म्हणजे बाहेर घनमीटरला १४ ग्रॅम पाणी आहे आणि आत १८. पहाटेची ही हवा आत येऊन तापली की तिची आर्द्रता पन्नासच्या खाली उतरते. अशा वेळी खिडक्या उघडाव्यात. दुपारी बाहेरची गरम, जड हवा गार खोलीत घेतली तर याच्या नेमकं उलट होतं, आणि गार भिंतींना घाम येतो.

आता बंद जागेकडे वळते. कपाट, पेटी, ट्रंक, घट्ट झाकणाचा डबा. शोषकांचं खरं काम इथे आहे, पण इथेही एक गोष्ट समजून घेतली नाही तर सगळी मेहनत वाया जाते. एक घनमीटरच्या कपाटातल्या हवेत, ८० टक्क्यांना, फक्त २४ ग्रॅम पाणी. एवढं तर अर्धा किलो कोळसाही ओढेल असं वाटतं. पण त्या कपाटात वीस किलो सुती कपडे आहेत, आणि सुती कापड स्वतः पाणी धरून बसतं. हवेची आर्द्रता ६० वरून ८० वर गेली की ते आपल्या वजनाच्या शेकडा तीन भाग तरी जास्त पाणी घेतं. वीस किलोला सहाशे ग्रॅम! हवेतल्या पाण्याच्या पंचवीस पट पाणी घड्यांमध्ये बसलेलं असतं. कागदाचं आणि लाकडाचं असंच आहे. पुरचुंडीने हवेतलं थोडं पाणी ओढलं की कपडे तेवढं पुन्हा सोडतात. पुरचुंडी भरते, आर्द्रता मात्र जागची हलत नाही.

म्हणून आधी वस्तू कोरड्या करायच्या. कपड्यांना ऊन दाखवायचं. ऊन नसेल तर गरम इस्त्री फिरवायची आणि वाफ निघून जाईपर्यंत ते मोकळे ठेवून मग घडी घालायची. कपाट रिकामं असताना त्याच्या फळ्यांनाही वारा लागू द्यायचा. मग सगळं आत ठेवून दार घट्ट लावायचं. असे कोरडे केलेले वीस किलो कपडे हेच त्या कपाटातलं सगळ्यात मोठं शोषक ठरतं. फटींतून रोज थोडीथोडी ओल आत येते ती ते घेतात, आणि बरेच दिवस आतली आर्द्रता वर चढू देत नाहीत. पुरचुंडी त्यांच्या मदतीला असते, एवढंच. 'हवा खेळती राहावी म्हणून दमट दिवसांत कपाटं उघडी ठेवा' हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. बाहेर कोरडं असेल तेव्हा जरूर उघडावीत. बाहेर ८५ टक्के असताना उघडली, तर आपण कपड्यांना पाणी पाजतो आहोत.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर ते चार बोटं पुढे ओढा. गार भिंतीलगतची हवा खोलीपेक्षा गार असते, त्यामुळे तेवढंच पाणी असूनही तिथली आर्द्रता जास्त भरते. बुरशी पहिल्यांदा मागच्या फळीवर येते ती यामुळे. पृष्ठभागालगत ८० टक्के किंवा त्याहून जास्त आर्द्रता टिकून राहिली की बुरशीला वेगळं पाणी लागत नाही.

मिठाबद्दल मला मनापासून जिव्हाळा आहे, कारण त्याचा नियम इतका स्वच्छ आहे. शुद्ध मीठ ७५ टक्के आर्द्रतेपर्यंत हवेतलं पाणी जवळपास घेतच नाही. ७५ ओलांडले की ओढू लागतं, आणि ओढता ओढता स्वतःच विरघळून खारं पाणी होतं. म्हणजे मीठ हवेला ७५ च्या खाली कधीच आणू शकत नाही. जाडं मीठ याआधीच सादळतं, त्याला कारण त्यात राहिलेलं मॅग्नेशियम क्लोराइड. ते सुमारे ३३ टक्क्यांपासूनच ओल धरतं. पण त्याचं प्रमाण थोडं असल्याने एकूण पाणीही थोडंच ओढलं जातं. थोडक्यात, हवा ९० टक्क्यांवर गेलेली असेल तर तळघरात किंवा जिन्याखालच्या बंद कोठडीत मिठाचा उपयोग आहे. साठ टक्क्यांच्या कपाटात ते नुसतं बसून राहतं. ठेवायचंच तर काचेच्या किंवा प्लास्टिकच्या खोल भांड्यात, वर जाळी बांधून, आणि धातूपासून लांब. खारं पाणी काठावरून वर चढत बाहेर येतं आणि बिजागऱ्या गंजवते ती हीच वस्तू.

मिठाचा याहून मोठा उपयोग म्हणजे आर्द्रतामापक तपासणं. स्वस्तातले मापक सर्रास पाच-सात टक्क्यांनी चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, लापशीसारखं होईल इतपतच पाणी घाला, आणि ते झाकण मापकाबरोबर घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मापक ७० दाखवत असेल तर त्या टापूत पाच मिळवून वाचायचे. कुठल्याही प्रयोगशाळेत न जाता घरात मिळणारं इतकं भरवशाचं माप दुसरं मला माहीत नाही.

राखेकडे कुणी फारसं पाहत नाही, पण लाकडाची कोरडी, चाळलेली राख कोळशापेक्षा या कामाला बरी. तिच्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं आणि ते ४३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागतं. बी-बियाणं राखेत ठेवण्यामागे हेही एक कारण आहे. अडचण अशी की राख क्षारयुक्त असते. ओली झालेली राख लोकर आणि रेशीम खाते, अॅल्युमिनियमवर डाग पाडते. घट्ट विणीच्या जाड कापडाच्या दुहेरी पिशवीत, बशीत ठेवून, कपड्यांना न लागेल अशीच वापरावी. मी ती फक्त बियांच्या बरणीत तळाशी ठेवते.

कळीचा चुना सगळ्यात जोरदार. ५६ ग्रॅम चुनकळी १८ ग्रॅम पाणी पक्कं बांधून घेते, म्हणजे जवळपास वजनाच्या एक तृतीयांश. पण ही रासायनिक क्रिया आहे. उष्णता निघते, चुना फुगतो, भांडं तडकू शकतं, आणि कण डोळ्यांत गेला तर डोळा जायबंदी होतो. एकदा फुललेला चुना उन्हाने पूर्ववत होत नाही, त्याला भट्टीच लागते. मुलं असलेल्या घरात तो आणूच नये. मी आणत नाही.

मातीचं मला सर्वांत जास्त सांगायचं आहे. पुष्कळ जण कुंड्यांच्या खापऱ्या कपाटात ठेवतात. खापरीवर पाणी ओतलं तर ती पिते हे खरं, पण हवेतली वाफ ती फारशी ओढत नाही. चिकणमातीचे कण अतिशय बारीक, पापुद्र्यांसारखे असतात, आणि वाफ त्या पापुद्र्यांवर आणि काही मातींत त्यांच्या मध्येही जाऊन बसते. भट्टीत भाजल्यावर ही रचना मोडते. म्हणून शोषक म्हणून कच्ची माती हवी. बेंटोनाइट नावाची चिकणमाती सर्वांत उत्तम. ती मिळाली नाही तर मुलतानी माती. मी पाण्यात घट्ट मळून तिच्या सुपारीएवढ्या गोळ्या करते, सावलीत आणि मग कडक उन्हात वाळवते, आणि सुती पिशवीत भरते. धूळ कमी होते आणि गोळ्या पुन्हा पुन्हा वापरता येतात. कोळशाच्या दुप्पट-तिप्पट पाणी ती सहज घेते, खारं पाणी गळत नाही, कागदाशेजारीही निर्धास्त ठेवता येते.

भिंतीला मातीचा किंवा चुन्याचा गिलावा असेल तर तीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडते. न्हाणीघरातून आलेली वाफ तो तात्पुरती धरतो आणि नंतर हळूहळू सोडतो. त्यावर प्लास्टिक पेंट दिला की हे दार बंद होतं. अशा भिंतींना चुन्याची सफेदीच द्यावी. तिचा हात दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो हे मान्य आहे, पण भिंत श्वास घेत राहते.

लोकर ही माझी दुसरी आवडती वस्तू. वजनाच्या जवळपास एक तृतीयांश पाणी घेऊनही ती हाताला ओली लागत नाही, आणि पाणी घेताना चक्क थोडी गरम होते. पंधराव्या शतकात निकोलस ऑफ कुसा या जर्मन विचारवंताने सुचवलं होतं की तराजूच्या एका पारड्यात लोकर आणि दुसऱ्यात दगड ठेवावेत. लोकरीचं पारडं खाली गेलं की हवा दमट झाली असं समजावं. १७८३ मध्ये ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञाने माणसाच्या केसाचा आर्द्रतामापक केला. केस दमट हवेत लांबतो, पूर्ण कोरड्यापासून पूर्ण दमटपर्यंत दोन-अडीच टक्के. लोकर काय, केस काय, दोन्ही एकाच प्रथिनाचे. वडिलांच्या वह्यांच्या पेटीत तळाशी मी जाड लोकरी नमद्याचा तुकडा घातला आहे. तो हवा कोरडी करत नाही, पण पेटी उघडल्या-मिटल्याने होणारा चढउतार अंगावर घेतो. कागदाला तेच हवं असतं. फार कोरडं केलं तर कागद ठिसूळ होतो, फोटो गुंडाळले जातात. वह्यांच्या पेटीत मी ४५ ते ५५ टक्के राखते आणि ३५ च्या खाली कधी जाऊ देत नाही. कोरड्या दिवसांत खोलीत मोकळे ठेवलेले जाड पुठ्ठे मग पेटीत भरून टाकले, तरी बऱ्यापैकी काम होतं. जुन्या कागदांना थेट ऊन मात्र दाखवू नका, शाई उडते. सावलीत, पंख्याखाली पुरतं.

हत्यारांच्या पेटीचा नियम निराळा. तिथे जितकं कोरडं तितकं चांगलं, कारण साठ-पासष्टच्या वर गेलं की लोखंडावर गंज वेगाने चढतो. मातीच्या गोळ्यांची पिशवी आणि पात्यांवर तेलाचा पातळ हात. मीठ नाही, राख नाही.

मग कोळसा निरुपयोगी का? अजिबात नाही. त्याची खरी ताकद वासावर चालते. कुबट वास ज्या रेणूंमुळे येतो त्यांना तो आपल्या असंख्य छिद्रांत पकडतो, आणि सक्रिय कोळसा, म्हणजे छिद्रं वाढावीत म्हणून खास प्रक्रिया केलेला कोळसा, हे कितीतरी जास्त करतो. वास गेला की माणसाला ओलही गेल्यासारखी वाटते, आणि मला वाटतं कोळशाची निम्मी कीर्ती इथून आली आहे. माझी काळजी एवढीच: वास नाही म्हणून कपाट उघडून पाहिलं जात नाही, आणि मागे बुरशी वाढत राहते. खाण्याच्या सोड्याचंही तसंच. तो आंबूस वास मारतो, पाणी ओढत नाही. बुटांसाठी मात्र रद्दीच. तिथे थेट पाणी असतं आणि कागद ते टिपून घेतो. बोळे दर दोन-तीन तासांनी बदलावे लागतात, रात्रभर तसेच ठेवले तर बूट ओल्या कागदाला बिलगून बसतो.

आता निगराणी. प्रत्येक पिशवीच्या चिठ्ठीवर मी तिचं कोरडं वजन लिहिते. आठवड्याने तोलते. वजन वाढत असेल तर ती काम करते आहे. वाढायचं थांबलं आणि मापक तरीही वर असेल, तर ती भरली आहे आणि बाहेर काढायलाच हवी. कारण भरलेली पिशवी कपाटात राहिली आणि हवा जरा गरम किंवा कोरडी झाली, की तेच पाणी ती परत सोडते. मातीच्या गोळ्या कडक उन्हात किंवा ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास वाळतात. कोळसा फक्त उन्हात; बंद घरात तो तापवू नये, पेटला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो. वाळलेली वस्तू गरम असतानाच घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात घालून गार होऊ द्या. उघड्यावर गार केली तर कपाटात जाण्याआधीच ती निम्मी भरते.

एवढं करूनही एखादा कोपरा ओला राहत असेल, तर पाणी कुठून येतं ते शोधावं. भिंतीच्या त्या जागेवर हातभर अॅल्युमिनियम फॉइल लावा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा, आणि एक-दोन दिवसांनी पाहा. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर हवेतली वाफ गार भिंतीवर जमते आहे. मग खिडक्या, पंखा, कपाट पुढे ओढणं यांनी फरक पडेल. फॉइल काढल्यावर मागची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय, पाइपमधून, गच्चीवरून किंवा पायातून. तिथे किती का पिशव्या ठेवल्या तरी त्या भरतच राहणार. आधी नळजोडणी तपासून घ्या, मग गवंड्याला बोलवा, आणि भिंत पूर्ण वाळेपर्यंत तिथलं कपाट दुसऱ्या खोलीत हलवा.